सैल दोरी

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

मी दोन महिन्यांसाठी माहेरी आले आहे. गेली अठरा वर्षं मी अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात राहते. केंद्रावरच्या ताईंनी विचारलं, "तिकडे तुम्ही काय करता, ते आमच्या श्रोत्यांना सांगाल का?" मी म्हटलं, नोकरीचं काय सांगायचं, ती सगळ्यांसारखीच. पण मी घरी बेवारस कुत्री सांभाळते आणि त्यांना घेऊन दर मंगळवारी शिकवणीला जाते, ते सांगते. ताई हसल्या. म्हणाल्या, "कुत्र्याची शिकवणी?" मी म्हटलं, "शिकवणी माझी हो. कुत्रं फक्त सोबत असतं."

हे मी गमतीनं बोलले, पण खरं तसंच आहे. ते मला कसं कळलं, आणि त्यासाठी एका मुक्या जिवाला काय सोसावं लागलं, ते आज सांगणार आहे.

आधी तिकडची पद्धत सांगते. अमेरिकेत रस्त्यावर मोकळी कुत्री सहसा दिसत नाहीत. हरवलेलं, सोडून दिलेलं कुत्रं सापडलं की ते सरकारी किंवा संस्थेच्या निवारा केंद्रात नेतात. दक्षिणेकडच्या राज्यांत, म्हणजे जॉर्जिया, टेनेसी अशा भागांत, ही केंद्रं भरून वाहतात. जागा संपली की काही कुत्र्यांना इंजेक्शन देऊन कायमचं झोपवतात. म्हणून उत्तरेकडच्या संस्था गाड्या भरभरून कुत्री आपल्याकडे आणतात. पण आणल्या आणल्या त्यांना कायमचं घर कुठून मिळणार? तोवर कुणीतरी त्यांना आपल्या घरात ठेवून घ्यायचं. त्याला तिकडे फॉस्टर करणं म्हणतात. खाणं आणि औषधपाणी संस्था देते. आपण घर द्यायचं, वेळ द्यायचा, आणि चांगलं माणूस मिळालं की कुत्रं त्याच्या हवाली करायचं.

आमच्याकडे चिंगी नावाची आमची स्वतःची एक मिश्र जातीची कुत्री आहे. तिच्या जोडीला एखादा पाहुणा, असं आमचं सुरू झालं. घरात नवरा आणि मुलगी. दोघांनाही कुत्र्यांची आवड. मला वाटायचं, आपण लहानपणी गावात कुत्र्यांबरोबरच वाढलो. आमचा मोत्या ओट्यावर असायचा, शिळी भाकरी खायचा, रात्री वाड्याभोवती फिरायचा. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. मग कुत्र्याला माया दिली की झालं, त्यात शिकायचं ते काय?

अशात रस्टी आला. जॉर्जियाहून. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. वय दोन वर्षांच्या आसपास. त्याला हार्टवर्म होता. हा रोग डासांमुळे होतो. हृदयात आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत लांब दोऱ्यासारखे जंत होतात. उपचार आहे, पण लांबलचक. आधी गोळ्या, मग एक इंजेक्शन, मग महिन्याभराच्या अंतरानं लागोपाठ दोन दिवस दोन इंजेक्शनं. आणि या सगळ्या काळात कुत्र्यानं पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. कारण मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसात जाऊन अडकतात, आणि अशा वेळी कुत्रं धावलं तर जिवावर बेततं.

तर रस्टी आमच्याकडे महिनोन्‌महिने नुसता पडून होता. दारापुढच्या गवतावर दोरी लावून न्यायचं, शू-शी झाली की परत आणायचं. मी त्याला भात-चिकन भरवलं, रात्री उठून त्याचा श्वास मोजला. तो माझ्या पायाशी झोपायचा. संस्थेनं कायमच्या घरासाठी त्याची माहिती मागितली, तेव्हा मी लिहिलं, "अतिशय शांत, समजूतदार, कुणालाही सांभाळता येईल असा."

बरा झाल्यावर त्याला एका कुटुंबानं दत्तक घेतलं. मला रडू आलं, पण समाधानही वाटलं. अकराव्या दिवशी संस्थेचा फोन आला. रस्टीला परत आणतायत.

काय झालं होतं? त्या बाई त्याला फिरवायला घेऊन गेल्या. समोरून दुसरं कुत्रं आलं. रस्टीनं असा झटका दिला की बाई डांबरी रस्त्यावर पालथ्या पडल्या. दोन्ही गुडघे फुटले, मनगट मुरगळलं. आणि रस्टी पुढे दोरी फरफटवत भुंकत सुटला. त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी वाचलं होतं, "कुणालाही सांभाळता येईल असा." ते मी लिहिलं होतं.

खोटं लिहायचं म्हणून लिहिलं नव्हतं. पण तो शांत होता कारण तो आजारी होता. अंगात ताकद आल्यावर हा कसा वागेल, याचा विचारच मी केला नव्हता. मी त्याला माया दिली, शिकवलं काहीच नाही. आणि एकदा परत आलेल्या कुत्र्याला दुसरं घर मिळणं अवघड असतं. त्याच्या कागदावर ते कायमचं लागतं. दुसऱ्यांदा परत आला तर मग त्याला कोण विचारणार?

संस्थेच्या बाईंनी मला रागावलं नाही. एवढंच म्हणाल्या, "याला आता शिकवणीला घेऊन जा. आणि स्वतः शिक." आमच्या गावाजवळ श्वानप्रेमींचं एक मंडळ आहे. तिथे मंगळवारी संध्याकाळी रॅलीचा वर्ग भरायचा. तिथे आम्ही दाखल झालो.

आता ही रॅली म्हणजे काय, ते सांगते. आपल्याकडे रॅली म्हटलं की झेंडे आणि घोषणा डोळ्यांपुढे येतात. ही तशी नाही. मोटारींच्या रॅलीत जसं शेजारचा माणूस वाटेच्या खुणा वाचतो आणि चालक त्याप्रमाणे गाडी नेतो, त्यावरून ही कल्पना चार्ल्स क्रेमर नावाच्या गृहस्थांनी काढली. त्यांना सगळे बड क्रेमर म्हणत. एका रिंगणात जमिनीवर क्रमांकाच्या पाट्या ठेवलेल्या असतात. प्रत्येक पाटीवर एक काम. थांबा, कुत्रं बसलं पाहिजे. उजवीकडे वळा. उलटे फिरा. हळू चाला. जोरात चाला. कुत्र्याला बसवून त्याच्याभोवती एक फेरी मारा. शंकूंच्या रांगेतून नागमोडी जा. कुत्रं आपल्या डाव्या बाजूला. परीक्षक एकदा "तयार?" असं विचारतात, "पुढे" म्हणतात, आणि मग गप्प. पाट्या वाचत तुमचं तुम्ही जायचं.

जुन्या पद्धतीच्या आज्ञापालनाच्या स्पर्धा फार कडक असतात. तिथे पावलोपावली परीक्षकाचा हुकूम, आणि कुत्र्याशी जादा शब्द बोलायची सोय नाही. रॅलीत मात्र बोलायला मुभा आहे. कुत्र्याला शाबासकी द्या, मांडीवर थाप मारून बोलवा, टाळ्या वाजवा, हातानं खूण करा. चालत नाही ते हे : दोरीला हिसका द्यायचा नाही, हातानं दाबून बसवायचं नाही, ओरडून धाक दाखवायचा नाही.

अमेरिकन केनेल क्लब ही तिकडची जुनी संस्था, 1884 सालची. त्यांनी 2005 सालापासून रॅलीला अधिकृत पदवीची स्पर्धा केलं. पण तेव्हा तिथे जातिवंत कुत्र्यांनाच प्रवेश होता. आमच्या चिंगीसारख्या मिश्र जातीच्या कुत्र्यांना 2010 पासून दार उघडलं. सुरुवातीच्या गटाला नॉव्हिस म्हणतात. त्यात दहा ते पंधरा पाट्या असतात आणि कुत्रं दोरीला बांधलेलंच असतं. वरच्या बहुतेक गटांत दोरी सोडून चालावं लागतं. 100 गुणांपासून सुरुवात होते आणि चुकीगणिक गुण कापले जातात. 70 मिळाले की उत्तीर्ण. असं तीन वेळा, आणि निदान दोन वेगळ्या परीक्षकांपुढे झालं की पदवी मिळते.

यातला एक नियम मला फार आवडतो. दोरी ताणली गेली की दर वेळी एक गुण जातो. सतत ताणलेली राहिली तर तुम्ही बाद. म्हणजे कुत्रं ओढून नेऊन कामं करून घेतली तर त्याला किंमत शून्य. दोरी झोळीसारखी सैल लोंबली पाहिजे.

पहिल्या मंगळवारचं सांगते. आमच्या शिक्षिका साठीच्या. बोलणं कमी, पण नजर बारीक. मी रस्टीला घेऊन आत गेले. दारातच दुसरं कुत्रं दिसलं. मी दोरी मनगटाला दोन वेढे घेऊन घट्ट आवळली आणि सुरू झाले, "सिट, सिट, रस्टी सिट, अगं बाई, बस ना रे, बस, बस!" रस्टी मागच्या दोन पायांवर उभा राहून भुंकायला लागला. बाई शांतपणे म्हणाल्या, "तू नऊ वेळा बस म्हणालीस. त्यातल्या कितव्याला त्यानं बसायचं होतं?"

सगळे हसले. मी पण हसले, पण घरी जाताना गाडीत विचार करत राहिले. मला काय येत नव्हतं, ते पुढच्या काही आठवड्यांत एकेक करून उघडं पडत गेलं.

पहिलं म्हणजे दोरी. समोर कुत्रं दिसलं की रस्टीच्या आधी मीच घाबरायचे आणि दोरी आवळायचे. दोरीतून ते त्याला लगेच कळायचं. त्याला वाटायचं, हिनं आवळलं म्हणजे समोर काहीतरी वाईट आहे. मग तो अंगावर जायचा. म्हणजे इशारा मीच देत होते. बाईंनी मला दोरीशिवाय, नुसता पाण्यानं भरलेला पेला डाव्या हातात घेऊन रिंगणात चालायला लावलं. पाणी सांडलं की पुन्हा पहिल्यापासून. हात पोटाशी स्थिर ठेवायला मी अशी शिकले.

दुसरं, शब्द. एकदाच बोलायचं आणि थांबायचं. कुत्र्याला विचार करायला दोन क्षण द्यायचे. आपण बायका घरात "ऊठ, ऊठ रे, उठलास का, ऊठ म्हटलं ना" असं इतकं बोलतो की पोरांना पाचव्या हाकेशिवाय उठायचं नसतं हे आपणच शिकवलेलं असतं. कुत्र्याचंही तसंच.

तिसरं, शाबासकीची वेळ. त्यानं बरोबर केलं की त्याच क्षणी "येस" म्हणायचं आणि लगेच खाऊ द्यायचा. मी पिशवीत हात घालून खाऊ शोधेपर्यंत तो उठून उभा राहायचा, मग माझा खाऊ त्याला उठण्याबद्दल मिळायचा. आणि खाऊ द्यायचा कुठे? आपल्या डाव्या मांडीच्या शिवणीजवळ. जिथे खाऊ मिळतो तिथे कुत्रं राहतं. मी आपला हात पुढे करून द्यायचे, म्हणून तो सारखा माझ्यापुढे येऊन आडवा व्हायचा. स्पर्धेच्या रिंगणात खाऊ चालत नाही, पण शिकताना त्याच्याशिवाय भागत नाही.

चौथं, पाय. कुत्रं आपल्या तोंडाकडे बघतं असं आपल्याला वाटतं. ते बघतं आपल्या पायांकडे आणि खांद्यांकडे. डावा पाय आधी उचलला की "चल". उजवीकडे वळायचं तर आधी माझे खांदे वळले पाहिजेत. मी पाटी वाचायला मान वाकडी करायचे, खांदे एकीकडे, पाय दुसरीकडे. रस्टी बिचारा मधेच थांबून माझ्याकडे बघायचा. म्हणून स्पर्धेच्या आधी कुत्र्याशिवाय एकट्यानं रिंगणात फिरायला वेळ देतात. तेव्हा माणसं हवेत दोरी धरल्यासारखा हात करून, स्वतःशी पुटपुटत फिरताना दिसतात. पहिल्यांदा मला ते वेड्यांचं संमेलन वाटलं. नंतर मीही त्यातलीच झाले.

आणि पाचवं, भाषा. वर्गात मी "सिट" म्हणायचे, पण घाईत तोंडून "बस" निघायचं. चिडले की मराठी, लाडात आले की मराठी. रस्टीला दोन्ही भाषा मोडक्यातोडक्या कळायला लागल्या. बाई म्हणाल्या, "तो उद्या कुणाकडे जाणार आहे ते तुला माहीत नाही. त्या माणसाला तुझी भाषा येईलच असं नाही. हातानं बोल." मग तळहात वर उचलला की बस, जमिनीकडे नेला की झोप, पंजा त्याच्या नाकापुढे आडवा धरला की थांब. या खुणा कुणीही करू शकतं. हे वाक्य मी मनात जपून ठेवलं. मी रस्टीला माझ्यासाठी शिकवत नव्हते. अजून न भेटलेल्या कुणासाठी तरी शिकवत होते.

रस्टी माझ्या मालकीचा नव्हता, म्हणून स्पर्धेत मी चिंगीला घेऊन उतरले. पहिल्या वेळी काय झालं ऐका. नववी पाटी होती. मी घाबरून तिच्यासमोरून सरळ निघून गेले आणि दहावीवर पोचले. पाटीच गाळली म्हणजे बाद. चिंगी बिचारी सगळं नीट करत होती. परीक्षक बाईंनी बाहेर येताना मला हळूच सांगितलं, "तुझी कुत्री गुणी आहे." त्याचा अर्थ मला कळला. दुसऱ्या वेळी 81 गुण मिळाले. पदवी पूर्ण व्हायला वर्ष लागलं.

पण खरी परीक्षा रस्त्यावर होती. रॅलीत उलटं फिरायची पाटी असते. ती आम्ही इतक्या वेळा केली होती की माझ्या पायात बसली होती. एका सकाळी रस्टीबरोबर चालताना कोपऱ्यावरून एक मोठं कुत्रं आलं. पूर्वी मी दोरी आवळून, "नो, नो" करत उभी राहिले असते. त्या दिवशी मी दोरी सैल ठेवली, हसऱ्या आवाजात "चल" म्हटलं, खांदे फिरवले आणि उलटी चालायला लागले. रस्टीनं एकदा मागे पाहिलं, मग माझ्या मांडीशी आला. मी तिथल्या तिथे त्याला मूठभर खाऊ दिला. पुढे दोन महिन्यांत असं झालं की कुत्रं दिसलं की तो आपणहून माझ्याकडे बघायचा. जणू विचारायचा, आता कुठली पाटी?

मग त्याला बघायला एक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, निवृत्त. मी या वेळी काही लपवलं नाही. कागदावर सगळं लिहिलं : अमुक झालं होतं, परत आला होता, अजून सायकलला बिचकतो, दुसऱ्या कुत्र्यापासून अंतर ठेवावं लागतं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "मला शिकवाल का?" त्या तीन मंगळवार वर्गाला आल्या.

तिसऱ्या मंगळवारी बाईंनी सात पाट्यांचा सोपा मार्ग मांडला आणि सांगितलं, दोरी त्यांच्या हातात दे. मी दिली आणि रिंगणाबाहेर उभी राहिले. पहिल्या दोन पाट्या झाल्या. तिसऱ्या पाटीवर थांबायचं होतं. त्या थांबल्या. रस्टी बसला नाही. त्यानं मान वळवली आणि गर्दीतून मला शोधून काढलं. सरळ माझ्याकडे बघत राहिला.

मैत्रिणींनो, माझा हात आपोआप उठत होता. तळहात जरा वर केला असता की तो बसला असता. आणि मला आतून हवंही होतं की त्यानं माझंच ऐकावं. तिकडे एक शब्द आहे, फॉस्टर फेल. सांभाळायला आणलेलं कुत्रं सोडवेना म्हणून आपणच ठेवून घेतलं की माणसं हसून असं म्हणतात. आदल्या रात्री माझी मुलगी म्हणालीही होती, "आई, ठेवून घेऊ या ना." ठेवला असता तर काही बिघडलं नसतं. पण आमच्या घरात दोनच कुत्र्यांची जागा आहे. रस्टी राहिला की पुढच्या गाडीतून येणाऱ्याला आमचं दार बंद.

मी त्याच्याकडे पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं. बराच वेळ काही आवाज नाही. मग त्या बाईंचा आवाज आला, एकदाच, "सिट." थोडा वेळ गेला. आणि मग "येस!" इतक्या जोरात, की वर्गातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तो त्यांच्याकडे गेला, त्याला आता तीन वर्षं झाली. परत आला नाही. लोक मला विचारतात, लेकीला सासरी पाठवल्यासारखं वाटत असेल ना? मी म्हणते, नाही हो, लेक फोन तरी करते! पण दिवाळीच्या सुमाराला त्या बाई एक फोटो पाठवतात. त्यात मी आधी दोरी बघते. सैल आहे ना, एवढंच.

सगळ्याच गोष्टी अशा गोड होत नाहीत. त्यानंतरची एक कुत्री मला अजिबात जमली नाही. इतकी घाबरलेली होती की जेवताना कुणी जवळून गेलं तरी चावायला यायची. दोन महिने प्रयत्न केला, मग संस्थेला खरं सांगितलं. त्यांनी तिला जाणकार माणसाकडे दिलं. आपल्याला काय येत नाही ते वेळेवर सांगणं, हेही मी रस्टीमुळेच शिकले.

आता इथलं. तुम्ही म्हणाल, आमच्या गल्लीत कुठलं रिंगण आणि कुठल्या पाट्या? खरं आहे. पण तुमच्या दारात जे पाळलेलं कुत्रं आहे, त्याच्यासाठी पुठ्ठ्याचे चार तुकडे पुरतात. एकावर लिहा थांब, एकावर वळ, एकावर बस, एकावर हळू. अंगणात मांडा. रोज पाच मिनिटं, जास्त नको. खाऊ म्हणून भाकरीचे हरभऱ्याएवढे तुकडे चालतात. घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच ठरवा. आजी "बैस" म्हणते, नातू "सिट" म्हणतो, असं नको. बोलावल्यावर आलं की कधीही रागवायचं नाही, नाही तर पुढच्या वेळी ते येणार नाही. आणि काठी ठेवून द्या. काठीला घाबरून बसलेलं कुत्रं काठी नसली की बसत नाही.

हे फक्त आपल्या ओळखीच्या कुत्र्यांसाठी हं. अनोळखी कुत्र्यावर प्रयोग करायचे नाहीत. ते अंगावर आलं तर पळू नका, त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका, हात अंगाशी ठेवून स्थिर उभ्या राहा आणि ते शांत झालं की हळूहळू मागे सरा. पोरांनाही हे करून दाखवा. आणि चावलंच, नखाचा ओरखडा आला, तरी हळद-चुना लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर वाचणं जवळपास अशक्य असतं, पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. तुमच्या दारातल्या कुत्र्यालाही दर वर्षी ही लस टोचून घ्या.

काल संध्याकाळी आमच्या आईच्या दारात येणाऱ्या काळ्या कुत्र्याला भाकरी घालताना मी सहज तळहात वर केला. तो काही बसला नाही. आई म्हणाली, "अगं, त्याला काय कळतंय?" मी म्हटलं, "आई, कालच तर ओळख झाली. अजून दोन महिने आहेत."